वजा तीन किलो

भंगाराच्या बाजारात न्याय सरळ असतो: लोखंड किलोवर. ते कधीकाळी तिजोरीचं दार होतं की गोठ्याचं, हे तराजू विचारत नाही. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक फेरी मारली की हा न्याय मनात पक्का बसतो, आणि माझ्यासारखा माणूस उरलेलं आयुष्य त्याच हिशेबाने काढतो. पातेलं जड, म्हणजे चांगलं. पाट जड, म्हणजे सागवानी. लग्नात आलेला मिक्सर हातात हलका लागला, तेव्हा देणाऱ्याने हात आखडता घेतला हे आमच्या घरी झाकण न उघडताच ठरलं होतं.

अशा घराण्यात माझ्या भाच्याने जाहीर केलं, की त्याला मोटारीसाठी एक फ्लायव्हील घ्यायचंय. सेकंडहँड, रेसिंगचं, आणि मुख्य म्हणजे हलकं. गाडीत आहे ते सात-आठ किलोचं. हवंय ते पाचच्या आतलं. मूळचं भंगारात घातलं तर फार तर दोघांची मिसळ निघेल. हलक्याला विकणारा अठरा हजार म्हणतोय. म्हणजे जे तीन किलो लोखंड आपल्याला मिळणारच नाही, नेमके त्याचेच पैसे मोजायचे. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "अठरा हजारात तीनच किलो कमी होणार? आमच्या जिमवाल्या बाईसुद्धा याहून बरा भाव देतात."

गाडी कुठली, हे सांगायला हवं. होंडा सिटी. आताची नव्हे, १९९८ ते २००३ या काळात आपल्याकडे विकली गेली ती पहिली, बसकी, आणि त्यातही दीड लिटरची व्हीटेक. हा शब्द उच्चारताना भाच्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. १०६ अश्वशक्ती! त्या काळी आपल्या रस्त्यावर एवढी ताकद घेऊन फिरणाऱ्या साध्या घरगुती गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मग २००३मध्ये नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीची. ॲव्हरेज उत्तम, जागा ऐसपैस, डिकी मोठी. सगळा देश खूश झाला. फक्त ही मूठभर मंडळी अजून सुतकात आहेत, आणि सुतकातल्या माणसांनी एकमेकांना जुने सुटे भाग विकत राहावं असा त्यांचा रिवाज आहे. या इंजिनाचं गोत्र परदेशातल्या जुन्या सिव्हिकशी जुळतं, त्यामुळे तिकडून कधीतरी बॅगेत घालून आणलेले भाग इकडे हात बदलत फिरत असतात.

"पण मुळात ते चाक करतं काय?" मी विचारलं.

"मामा, ते काही करत नाही. तेच तर त्याचं काम आहे."

पोरगं चुकीचं बोललं नव्हतं. चार सिलिंडरचं इंजिन सिग्नलला नुसतं धडधडत उभं असतं, तेव्हाही मिनिटाला साडेसातशेच्या आसपास फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला पंचवीस स्फोट. पण स्फोट म्हणजे सलग ताकद नव्हे. एकाचा जोर ओसरत आलेला असतो आणि दुसरा अजून व्हायचा असतो. त्या मधल्या क्षणी पुढच्या सिलिंडरमधली हवा दाबायचं सगळ्यात कष्टाचं काम कोणीतरी करायचं असतं. ते फ्लायव्हील करतं. मघाच्या स्फोटातली थोडी गती त्याने अंगात मुरवून ठेवलेली असते, ती ते आता परत देतं. घेणं आणि देणं. स्वतःचं असं काहीच नाही.

माझ्या वयाच्या माणसाला हे चाक गाडीच्या पोटात दिसलेलं नाही, उघड्यावर दिसलेलं आहे. विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवा. १९४६मध्ये पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि नंतर ही इंजिनं गावोगाव पोचली. एकच सिलिंडर, दोन फेऱ्यांत एकच स्फोट. म्हणून एवढ्याशा इंजिनाला भलं बोजड चाक. चालू करताना आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून धरायचा, हँडल मारून चाक चांगलं घुमवायचं, आणि वेग आला की खटका सोडून बाजूला व्हायचं. पुढचं चाक बघून घ्यायचं. रसवंतीच्या चरकाचं मोठं चाकही त्यातलंच; उसाचं जाड कांडं आलं तरी घुंगरांचा ठेका चुकत नाही तो त्याच्यामुळे. आणि जुन्या बाजाराच्या जवळच कुंभारवेस आहे. ज्या धंद्यावरून तिला नाव पडलं, त्याचं चाक तर या सगळ्यांचा पूर्वज. काठीने एकदा फिरवून दिलं की आपल्या वजनावर फिरत राहतं आणि कुंभाराचे दोन्ही हात मडक्याला मोकळे राहतात. हजारो वर्षं माणसाने या चाकात वजन वाढवलं. भाच्याला ते काढायचं होतं.

का, याचा हिशेब त्याने कागदावर मांडून दाखवला, आणि तो हिशेब मला मनापासून आवडला. फिरणाऱ्या वस्तूत किलो किती, याच्याइतकंच ते कुठे आहेत याला महत्त्व. मध्यापासून दुप्पट लांब असलेला किलो फिरवायला चौपट जड. म्हणून हलकं करणारे मधला माल ठेवतात आणि काठाकडचा काढतात. वर पुन्हा गियरचा गुणाकार. पहिल्या गियरमध्ये गाडीच्या चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन तेरा-चौदा फेरे घेतं, आणि हा आकडाही वर्गानेच फुगतो. सगळं मांडल्यावर उत्तर असं आलं, की फ्लायव्हीलच्या काठावरून तीन किलो काढले तर पहिल्या गियरमध्ये वेग घेताना गाडीतून ऐंशीएक किलो वजन उतरल्यासारखं होतं. दुसऱ्यात पंचवीस. पाचव्यात जेमतेम तीन-चार.

"तुझं वजन किती, मामा?"

"ब्याऐंशी."

त्याने ते कागदावर लिहिलं आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. थोडक्यात, पहिल्या गियरला मागच्या सीटवरून मामा उतरतो, दुसऱ्याला त्याचं शाळकरी पोर, आणि पाचव्याला फक्त त्याच्या हातातली भाजीची पिशवी. ताकद मात्र तसूभर वाढत नाही. १०६ घोडे होते ते १०६च राहतात. त्यांच्या मागचा मामा तेवढा वजा होतो. द्रुतगती मार्गावर एका संथ वेगाने मुंबई गाठायची असेल तर हलकं काय नि जड काय, गाडीला पत्ताही लागत नाही.

जुने रेसिंगचे भाग लोक का विकतात, याची कारणं ठरलेली असतात. लग्न ठरलं. मूल झालं. कॅनडाला चाललोय. आणखी एक कारण असतं, पण ते विकणारा सांगत नाही: बसवलं, आणि पटलं नाही. आमचा विक्रेता निगडी प्राधिकरणात राहणारा, अतिशय गोड बोलणारा तरुण होता. लग्न आणि मूल ही दोन्ही कारणं त्याच्याकडे होती. फ्लायव्हील त्याने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तेलाचा हात फिरवून, बाळाच्या घडवंचीखाली ठेवलं होतं. "ट्रॅकवर कधी नेलंच नाही, काका. फार तर दोन हजार किलोमीटर. समजा नवंच."

सोबत आम्ही मेस्त्रींना नेलं होतं. साठीचे, बोलणं कमी. त्यांनी कागद सोडवला, थिनरचं फडकं काढलं आणि आधी तेल पुसलं. तेलाखाली काय आहे ते बघायचं असतं म्हणे. चकाकीवर जायचं नसतं. क्लचची प्लेट जिथे घासते तो गोल पट्टा त्यांनी उजेडाकडे तिरका धरला. तिथे निळसर-काळे डाग आहेत का, हे ते शोधत होते. क्लच वारंवार घसरवला की जागोजागी धातू इतका तापतो की तेवढाच ठिपका कडक होऊन बसतो. मग लेथवर फेसिंग मारायला घेतलं तर आजूबाजूचा माल कापला जातो आणि हा ठिपका टेकाडासारखा वर राहतो. गाडी सुटताना थरथरते ती त्याच्यामुळे. डाग एक होता, फिकट. मेस्त्री काही बोलले नाहीत. मग त्यांनी डोळे मिटून अंगठ्याचं नख पट्ट्यावरून हळूहळू फिरवलं. नख अडलं की तिथे भेग. वरवरच्या केसांएवढ्या भेगा फेसिंगमध्ये निघून जातात, पण बोल्टाच्या भोकापर्यंत पोचलेली भेग असेल तर नमस्कार करून घरी यायचं. नख अडलं नाही. शेवटी त्यांनी ते चाक मधल्या भोकातून पान्यावर टांगलं आणि दुसऱ्या पान्याने कडेला टिचकी मारली. लांब, स्वच्छ नाद निघाला. आत बाळ जागं झालं.

सौदा जवळपास झालाच होता. तेवढ्यात मेस्त्रींनी काठावरची दातेरी रिंग फिरवून पाहिली. गाडी चालू करताना स्टार्टर ज्या दातांना धरतो ती ही रिंग. गंमत अशी, की चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही. दाबलेल्या हवेपुढे दमून ते बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोनच जागांपैकी एकीवर येऊन बसतं. त्यामुळे स्टार्टरचा मार दर वेळी त्याच दातांना बसतो. या रिंगवर बरोबर समोरासमोर दोन ठिकाणी दातांची टोकं खाल्ली गेली होती. बाकी दात नव्यासारखे.

"दोन हजार किलोमीटरमध्ये एवढे स्टार्ट?" मेस्त्रींनी विचारलं. स्वरात आरोप नव्हता, कुतूहल होतं.

"नाही म्हणजे... सिटीत कधीकधी बंद पडायची."

"रोज!" आतून आवाज आला. बाळाला थोपटता थोपटता.

अठराचे तेरा त्या दातांनी केले. रिंग काही मोठी अडचण नसते. वेगळी मिळत असेल तर नवी घ्यायची, सगळीकडून सारखी तापवायची, फुगली की चाकावर बसवायची. थंड होताना ती आपली आपण आवळून बसते, वेल्डिंग लागत नाही. पण विक्रेत्याला ते सांगायची आमच्यापैकी कोणालाच घाई नव्हती.

इथे शेजारच्या एका जाणकारांचा सल्ला नोंदवायला हवा, कारण असे जाणकार प्रत्येक सोसायटीत असतात. ते म्हणाले, तेरा हजार कशाला घालवता? आहे तेच लेथवर धरा, मागून माल काढून घ्या, पाचशे रुपयांत काम. मेस्त्री यावर हसले नाहीत, आणि मीही इथे हसणार नाही. इंजिन सात हजारावर फिरतं तेव्हा एवढ्याशा चाकाचा काठ ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने पळत असतो. बिडाचं कास्टिंग दाब कितीही सोसेल, पण ताण फारसा सोसत नाही, आणि फिरणाऱ्या चाकाला सगळा ताणच असतो. नको तिथून माल काढलेलं बीड त्या वेगाला तडकलं तर त्याचे तुकडे अडवायला मध्ये असतो गियरबॉक्सचा पातळ ॲल्युमिनियमचा घुमट आणि पायाखालचा पत्रा. ड्रॅग रेसिंगमध्ये म्हणूनच प्रमाणित केलेलं पोलादी किंवा ॲल्युमिनियमचं फ्लायव्हीलच लागतं, आणि जोरदार गाड्यांना भोवती पोलादी कवचही. आमचं चाक क्रोम-मॉली पोलादाचं होतं, घडतानाच हलकं घडलेलं. तरीही मेस्त्रींनी ते भोसरीला पाठवून बॅलन्सिंग करून घेतलं. परत आलं तेव्हा काठाजवळ एक नवं बारीक भोक होतं. तिथून जो चिमूटभर धातू काढला, तो वजा तीन किलोंमध्ये धरायचा का, यावर भाचा बराच वेळ विचार करत होता.

मग बसवणं. फ्लायव्हील गाडीत अशा जागी असतं की तिथे जायचं तर गियरबॉक्स उतरवावाच लागतो. आणि गियरबॉक्स एकदा खाली आला की मेस्त्री ते शब्द उच्चारतात: "खोललंच आहे तर..." या तीन शब्दांनी मराठी घरांचा किती पैसा खाल्ला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. खोललंच आहे तर क्लच प्लेट टाकून घ्या. प्लेट टाकताय तर प्रेशर प्लेट जुनी कशाला? रिलीज बेअरिंग तर बदलायलाच हवं. क्रँकच्या मागचं ऑइल सील किरकोळ किमतीचं, पण उद्या ते गळलं तर नव्या क्लचवर तेल येणार आणि ही सगळी मजुरी पुन्हा. बोल्ट नवेच हवेत, कारण हे बोल्ट आवळताना थोडे ताणले जातात आणि एकदा ताणलेल्याचा भरवसा धरत नाहीत. यातला एकही मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता, हेच दुःख. तेराचे सत्तावीस झाले. हलकं झालं ते चाक आणि भाचा.

पहिल्या रविवारी पहाटे ताम्हिणी. मला मुद्दाम बोलावून मागच्या सीटवर बसवलं. म्हणजे हिशेबातून उतरलेला मामा सदेह परत चढला आणि आकडा शून्यावर आला, हे भाच्याच्या लक्षात मुळशी ओलांडल्यावर आलं. पण घाटात मात्र गाडीने मला गप्प केलं. वळणाआधी तो तिसऱ्यातून दुसऱ्यात येई, तेव्हा ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागायचा अवकाश, काटा टुणकन वर. गियर दोन बोटांनी पडत होता. वर चढवताना पाय उचलला की आवाज तसाच झटकन खाली, वाट बघणं नाही. जुन्या चाकाच्या वेळी प्रत्येक गियरमध्ये एक छोटासा अवकाश असायचा. इंजिन 'बरं, बघतो' म्हणून मग वळायचं. आता विचारायच्या आत उत्तर. मजा येते, हे कबूल करायला हवं. ब्याऐंशी किलोंनाही येते.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला अलका टॉकीजचा चौक. तिथे घोडे लागत नाहीत, तो अवकाशच लागतो. क्लच सोडताना इंजिनाला जो अर्धा क्षण सांभाळून घ्यायचं असतं, तो सांभाळणारा आता घरी नव्हता. एसी चालू झाला, काटा खचला, गाडी बंद. मागे बस, बसमागे सगळं पुणे. पुन्हा स्टार्ट, तेच दोन दात. पायाला सवय होते, जरा जास्त ॲक्सिलरेटर देऊन सुटायला शिकता येतं, भाचा दोन-तीन आठवड्यांत शिकलाही. पण शनिवारी गाडी ताई नेते, मंडईला. तीस वर्षांच्या ड्रायव्हिंगमध्ये तिची गाडी कधी सिग्नलला बंद पडली नव्हती, आणि ही गोष्ट ती सर्वांना सांगत असे. मंडईतून परतली ती शांतपणे. किल्ली टेबलावर ठेवली आणि भाच्याला म्हणाली, "ही आता तुझ्यावर गेलीय. चटकन तापते, चटकन विझते. दुरुस्त करून आण."

त्यात तो आवाज. गाडी न्यूट्रलला उभी असली की गियरबॉक्समधून खुळखुळ यायची आणि क्लच दाबला की थांबायची. आधी स्फोटांचे हेलकावे जड चाक गिळून टाकायचं. आता ते थेट गियरपर्यंत पोचतात आणि दात एकमेकांवर वाजतात. बिघाड नाही, पण शेजारच्या जाणकारांना तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू येऊ लागला.

आम्ही मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. कान दिला, क्लच एकदा दाबून सोडायला सांगितला आणि म्हणाले, "वाजणारच. वजन काढलंय ना." दुरुस्त करण्यासारखं काही नाही म्हणाले. भाचाही म्हणाला, राहू दे, सवय होईल. घाटाबद्दल त्याने पुन्हा थोडं सांगितलं. मेस्त्रींनी ते नीट ऐकून घेतलं.

निघताना मला आमचं मूळ चाक आठवलं. म्हटलं, "ते भंगारात देऊन टाका. दोन मिसळी सुटतील."

"असू द्या," मेस्त्री म्हणाले. त्यांनी ते कामाच्या बाकाखालून अर्धवट ओढून दाखवलं. तेल लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं, वर खडूने आमच्या गाडीचा नंबर. त्याच्या मागे अंधारात तशाच आणखी पिशव्या होत्या, प्रत्येकीवर वेगळा नंबर, आणि त्यातल्या दोन पिशव्यांवरचे नंबर खोडलेले.